बिनउन्हाचे तीन दिवस

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
मी सगळ्यात आधी जुलै लिहिला.
धाकलू झोरे म्हणाला, आता तर फेब्रुवारी चाललाय की ओ.
म्हटलं, हे गणित
वाईटातल्या वाईट महिन्यापासून मांडायचं असतं.
तो हसला नाही.
म्हशी पाळणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कणकुंबीच्या अलीकडे डांबर सोडलं
की पाऊण तास पायी, मग चार घरं.
विजेचे खांब कधीचे येऊन आडवे पडलेत,
शेवाळलेत. पोरं त्यांवर बसून जेवतात.
मी उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर.
सूत-मिलिमीटर हाताला कळतं,
ऊन मोजायला उशिरा शिकलो.

सांगा वैनी, रात्रीला काय काय लागतं?
बमाबाई बोटांवर मोजू लागल्या.
चुलीपाशी एक दिवा. ओसरीत एक.
दुधाचा काटा.
मोबाईल, ठकू गोव्याहून नऊला फोन करते.
एकशे बारा वॅट-तास, मी लिहिलं, खाली रेघ मारली.
त्या कॅन विसळता विसळता म्हणाल्या,
आणि म्हस व्यायला झाली की गोठ्यात रातभर.
कधी?
ते तिला इचारा.

रेघ खोडली. पन्नास वाढवले.
रोज रात्री एक म्हैस वीतच आहे असं धरलं.

पाण्याचं निराळं.
चाळीस लिटर, कॅन धुण्यापुरतं, साठ अंशावर न्यायचं
तर साऱ्या रात्रीच्या उजेडाच्या दहापटीहून जास्त जातं.
पॅनेलची वीज करा, विजेचं पाणी तापवा,
हे म्हणजे शेजारच्या घरी निरोप
बंगळूरवरून धाडणं.
त्यापेक्षा ऊन सरळ पाण्यालाच भेटू दे.
तांब्याच्या नळ्या, काळा रंग, वर काच,
टाकी नळ्यांपेक्षा हातभर उंच,
भोवती भाताचा तूस, गोणपाट.
पंप नको. तापलं की पाणी आपणहून चढतं.

काच खानापूरच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या दाराची.
तिच्यावर नाव दोनदा रंगवलेलं,
वर कानडी, खाली मराठी.
दोन्हींची सावली नळ्यांवर सारखीच पडत होती.
ब्लेडने दोन्ही खरवडली.

तीन वाजता जांभळीची सावली छपरावर येते.
झाड तोडतो, धाकलू म्हणाला, आणि कोयता आणायला काही उठला नाही.
पॅनेल गवताच्या माचावर नेलं.
वायर लांबली. लांबली की जाड घ्यावी लागते,
नाहीतर पोचेपर्यंत निम्मं वाटेतच विरतं.
तरी मी म्हंतोय, तो म्हणाला,
ठकूचा आवाज असा बारीक का येतो.

बॅटरी शंभराची.
बिनउन्हाचे तीन दिवस तग धरील,
तेही निम्मीच वापरली तर.
पैसे ठकूने धाडलेले, मोजून.
चौथ्या दिवसाचे त्यात नव्हते.

पहिल्या संध्याकाळी तोटी सोडली.
बमाबाईंनी हात घातला, झटकन मागे घेतला,
पुन्हा घातला.
ठकूच्या हाटेलात असंच येतं म्हणे, भिंतीतनं.
कॅनचा आंबूस वास वाफेबरोबर
अंगणभर पसरला आणि गेला.

मग त्यांनी विचारलंच. जुलैत?
जुलैत दीड तास ऊन धरलं तर
पाणी चुलीवर. आणि रात्रीला
सत्तावन्न कमी पडतात.
म्हंजे?
म्हणजे म्हशीला सांगा, जुलैत व्यायचं नाही.

खूप हसल्या, डोळ्यांना पाणी येईतो.
ओसरीतला कंदील मी काढून खाली ठेवला होता.
त्यांनी तो उचलला,
पदराने काच पुसली, वात पाहिली,
आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावला.